जादा अकरा क्रेट

गोळी रात्री जेवणानंतर, रोज एकाच वेळी.
एकवीस दिवस घ्यायची, सात दिवस बंद.
वरुडच्या डॉक्टरीणबाईंनी बोटांवर मोजून सांगितलं,
नजर पुढच्या बाईच्या चिठ्ठीवर.
"आन् काही तरास झाला तं?"
"होईल सवय."

त्याआधी पाच महिने आलीच नव्हती,
मग आली ती बावीस दिवस राहिली.
सासू म्हणायची,
"बाई, तुह्या पाळीचं कॅलेंडर
कोन्या भिताडाले लटकवलं व?"

आता आठवडा झाला,
चहा उकळायला लागला की पोट ढवळतं.
आणि शेडमध्ये संत्र्यांचा वास,
जो बारा वर्षांत मला यायचाच बंद झाला होता,
तो पुन्हा येतो, कामाच्या पहिल्या दिवसासारखा,
थेट घशापर्यंत.
पहिला नंबर, दुसरा नंबर, चुरी.
हात आपोआप निवडतात.
क्रेटचा काठ छातीला लागला
की डोळ्यांपुढे काजवे.
बेबीनंदा विचारते, "काहून व, काय झालं?"
"काही नाई. काटा रुतला."

सासूनं ताटाच्या कडेला
न बोलता बोरकूट ठेवलं,
चिमूटभर, मीठ लावलेलं.
तिला काय वाटतंय ते मला कळलं.
सांगणारच होते.
पण आंबट लागलं, तोंडाला चव आली,
मी बोट चाटलं.
दुसऱ्या दिवशी चिमूट मोठी होती.

तिसऱ्या पाकिटाला
दोन सहाच्या बांगड्या मुठीवर अडल्या.
कासारीण साबण लावून दमली.
अंगानं पाणी धरलं म्हणे.
पाणी धरायला मी काय शेततळं आहे?
गालांवर वांग उठले ते वेगळेच.
आणि रडू.
पोरीची वही हरवली,
ती खाटेखाली वाकून शोधत होती,
रडत मी होते.

नवरा मालकाच्या बगिच्यात फवारणीला जातो.
फळं गळू नयेत म्हणून झाडांनाही संजीवक देतात,
पंपाला किती टाकायचं ते त्याला तोंडपाठ.
जेवताना म्हणाला,
"पानं वाकडी दिसली ना, तं औषध कमी करतो आमी.
झाडाकडे पायलं पायजे रोज."
झाडाबद्दलच म्हणाला तो.
माझा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून
क्रेट मोजायच्या वहीत
मी माझ्याही रेघा मारायला लागले, समासात.
डोकं दुखलं, उभी रेघ.
मळमळलं, आडवी.
मधेच डाग दिसला, फुली.
रडू आलं तर टिंब; टिंबं फार झाली, मग सोडून दिली.

महिना सरला तेव्हा ढोमणे मुनीमजींची बेरीज जुळेना.
"अकरा क्रेट जादा कुठून आले?"
चष्मा पुसून पुन्हा मोजलं. अकराच.
"ते माहे हायत," मी म्हटलं.
"तुहे? कोनत्या बगिच्यातले?"
शेड हसली. बेबीनंदा हसली नाही.
तिनं समास पाहिला, मग माझ्याकडे,
आणि पान वहीतून अलगद फाडून दिलं.

डॉक्टरीणबाईंनी ते उलटं धरलं, मग सुलटं.
"या उभ्या रेघा डोकेदुखीच्या? इतक्या?"
तेव्हा त्यांनी मान वर केली.
पोटरी दुखते का, एकाच पायाची?
डोळ्यांपुढे अंधारी? घरात कुणाला बीपी?
दंडाला पट्टा बांधला, फुस्स फुस्स करून फुगवला,
आकडा पाहून दुसऱ्यांदा फुगवला.
"ही गोळी बंद. दुसरं देते. आधी का नाही सांगितलं?"
मी पानाकडे पाहत राहिले.
पान त्यांनी फाईलला लावून घेतलं.

घरी आल्यावर सासूला सांगितलं,
"तसं काही नाई, आई. गोळीनं होत होतं."
ती चुलीतलं लाकूड मागे ओढत बसली.
बराच वेळ.
मला वाटलं, आता बरणी फळीवर जाईल, वरच्या.

रात्री ताटाच्या कडेला
तेवढंच बोरकूट.
"खाय," ती म्हणाली,
"तोंडाले बरं लागते."